नावे माणसांची : मुंबई विद्यापीठाची क्रीडापरंपरा आणि ठाणे-कल्याण-डोंबिवली

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याच्या चार वर्षे आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली होती आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले होते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही गावे शहरे होण्यामागे विद्यापीठ आणि रेल्वे या दोन्हींचा हात आहे. इथल्या मुलाने शिकायचे ते या विद्यापीठात आणि तिथे जायचे ते याच गाडीने, हा क्रम शंभराहून अधिक वर्षे चालला. इथल्या खेळाडूचा इतिहासही त्यामुळे गाडीच्या वेळापत्रकाशी आणि विद्यापीठाच्या स्पर्धांशी जोडलेला आहे.

या लेखात विद्यापीठाच्या क्रीडाकार्याची वाटचाल मांडली आहे आणि त्यात ठाणे पट्ट्याचा वाटा कसा वाढत गेला तेही सांगितले आहे. आणखी एका गोष्टीचा विचार आवर्जून केला आहे. परदेशातील अनेक विद्यापीठांच्या संघांना टोपणनाव असते आणि ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते. आपल्या विद्यापीठाच्या संघाला असे नाव कधीच नव्हते. मग आपले खेळाडू कोणत्या नावासाठी खेळले? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपल्या क्रीडापरंपरेचा स्वभाव कळतो.

परीक्षा घेणारे विद्यापीठ, खेळणारी महाविद्यालये

लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिलेले मुंबई विद्यापीठ सुरुवातीला स्वतः शिकवत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवणे महाविद्यालयांकडे होते आणि खेळही त्यांच्याकडेच. एल्फिन्स्टन, विल्सन, १८६९ साली निघालेले सेंट झेवियर्स, पुण्याचे डेक्कन आणि १८८५ पासूनचे फर्ग्युसन या महाविद्यालयांनी आपापले जिमखाने उभे केले. मुलांकडून घेतलेली जिमखान्याची फी आणि एखाद्या खेळवेड्या प्राध्यापकाची संध्याकाळ यांवर हा सगळा कारभार चाले. आजही महाविद्यालयात खेळाच्या विभागाला जिमखानाच म्हणतात. त्याची खोली, तिथले कपाट आणि कपाटाची किल्ली सांभाळणारा मदतनीस हे तिथे शिकलेल्या प्रत्येक खेळाडूच्या ओळखीचे असतात.

त्या काळी विद्यापीठाचा विस्तार प्रचंड होता. सिंधपासून कर्नाटकापर्यंतची महाविद्यालये त्याला जोडलेली होती. सिंध, पुणे, गुजरात, कर्नाटक आणि बडोदे येथे स्वतंत्र विद्यापीठे झाली ती १९४७ ते १९५० च्या सुमारास. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. म्हणजे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे आणि महाराष्ट्राला १९३९-४० व १९४०-४१ असे सलग दोनदा रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर त्या वर्षांत मुंबई विद्यापीठाच्याच एका महाविद्यालयात शिकवत होते. वर्गातला प्राध्यापक मैदानावर उतरतो तेव्हा विद्यार्थ्याला खेळाविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. देवधरांच्या उदाहरणाने हा धडा त्या वेळच्या महाविद्यालयांना मिळाला.

एका बापाने दिलेला चषक

१९३४-३५ साली रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली आणि लगेच पुढच्या हंगामात विद्यापीठांची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा. तिच्यासाठी मुंबईच्या ए. डी. बारिया यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, रोहिंटनच्या, स्मरणार्थ चषक दिला. १९३५-३६ चा पहिला रोहिंटन बारिया चषक पंजाब विद्यापीठाने जिंकला. पुढे मुंबई विद्यापीठाने तो वारंवार आपल्याकडे आणला.

या स्पर्धेचे मोल समजून घ्यायचे तर त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणली पाहिजे. शहराची सर्वांत मोठी क्रिकेट स्पर्धा धर्मावर आधारलेली होती. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे वेगवेगळे संघ त्यात उतरत. १९३७ साली ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला आणि चौरंगी स्पर्धा पंचरंगी झाली. १९४६ नंतर ती बंद पडली. त्याच मुंबईत त्याच वर्षांत विद्यापीठाचा संघ मात्र एका महाविद्यालयातल्या पारशी मुलाला, दुसऱ्यातल्या मराठी मुलाला आणि तिसऱ्यातल्या मुसलमान मुलाला एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसवत होता. विद्यार्थी असणे एवढीच त्या संघात येण्याची अट होती. विद्यापीठाच्या क्रीडाकार्याचे हे सर्वांत जुने आणि सर्वांत अभिमानास्पद काम आहे, असे मला वाटते.

या संघातून पुढे आलेल्यांची नावे भारतीय क्रिकेटच्या इतिहासाचा भाग झाली. पॉली उम्रीगर यांनी मुंबई विद्यापीठाचे नेतृत्व केले होते. १९४८ साली वेस्ट इंडीजविरुद्ध संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि काही आठवड्यांतच ते कसोटी खेळले. दिलीप सरदेसाई यांनी १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत ८७ च्या सरासरीने ४३५ धावा काढल्या. अजित वाडेकर यांनी दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावांची खेळी केली. ती मागे टाकणारी ३२७ धावांची खेळी सुनील गावसकर यांनी गुजरात विद्यापीठाविरुद्ध केली.

वाडेकरांची सुरुवात फार साधी होती. विज्ञान शाखेत शिकून इंजिनिअर व्हायचे असे त्यांच्या मनात होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात जाताना बसमध्ये दोन वर्षांनी मोठे असलेले बाळू गुप्ते त्यांना भेटत. महाविद्यालयाच्या संघाला बारावा खेळाडू हवा होता. गुप्त्यांनी विचारले, येतोस का? दिवसाला तीन रुपये भत्ता मिळणार होता. वाडेकर गेले. पाणी नेण्यासाठी गेलेला तो विद्यार्थी १९७१ साली भारताचा कर्णधार झाला आणि त्याच्या हाताखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये पहिली कसोटी मालिका जिंकली. त्या मालिकेत गावसकरांनी ७७४ आणि सरदेसायांनी ६४२ धावा केल्या. कर्णधार आणि सर्वाधिक धावा करणारे दोघे फलंदाज असे तिघेही मुंबई विद्यापीठाच्या संघातून वर आलेले होते. पोदार महाविद्यालयातून दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री आले, रुईया महाविद्यालयातून संदीप पाटील आले. त्या दशकांत रुईया विरुद्ध पोदार हा सामना म्हणजे मुंबईच्या संघनिवडीची पूर्वपरीक्षाच असे.

खाडीच्या अलीकडची महाविद्यालये

या सगळ्या नावांत ठाणे, कल्याण, डोंबिवली कुठे आहेत, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्या पहिल्या शंभर वर्षांत इथल्या मुलाला विद्यापीठात शिकायचे तर मुंबईलाच जावे लागे. तो खेळला तरी त्याच्या छातीवर मुंबईच्या महाविद्यालयाचे नाव असे. सकाळच्या गाडीने जायचे, व्याख्याने संपवायची, मग नेटमध्ये सराव आणि रात्री उशिरा घरी. अनेकांचे खेळणे याच वेळापत्रकाने मोडले आणि जे टिकले ते फार चिवट झाले.

चित्र पालटले ते १९६० नंतर. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात १९६१ साली तलरेजा महाविद्यालय निघाले आणि १९६५ मध्ये चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय, ज्याला सगळे ‘सीएचएम’ म्हणतात. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळ १९३५ पासून शाळा चालवत होते. डॉ. वा. ना. बेडेकर यांच्या पुढाकाराने मंडळाने १९६९ साली कला-वाणिज्य महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे जोशी-बेडेकर. १९७६ मध्ये बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आले. चेंदणीच्या खाडीकाठी ‘ज्ञानद्वीप’ हा परिसर उभा राहिला. कल्याणला १९७२ साली बिर्ला महाविद्यालय झाले, ठाण्यात १९८० मध्ये ज्ञानसाधना, आणि डोंबिवलीत पेंढरकर महाविद्यालयाने शहराला स्वतःचे मोठे महाविद्यालय दिले.

महाविद्यालय घराजवळ आले त्याबरोबर खेळाडूच्या हातात रोजचे दोन-तीन तास आले. एवढ्या एका गोष्टीने ठाणे पट्ट्याच्या क्रीडा-इतिहासाला वळण दिले. पूर्वी प्रवासात जाणारा वेळ आता मैदानावर जाऊ लागला. शिवाय ज्या मुलींना घरातून मुंबईला पाठवत नसत त्या कल्याणच्या किंवा ठाण्याच्या महाविद्यालयात येऊ लागल्या आणि त्यांच्यातून कबड्डी, खो-खो आणि मैदानी स्पर्धांचे संघ तयार झाले. मुलींच्या खेळाला घराजवळच्या महाविद्यालयाइतका आधार दुसऱ्या कशाचाही मिळाला नाही.

हुतूतूपासून विद्यापीठाच्या मॅटपर्यंत

क्रिकेट मुंबईने ठाण्याला दिले असेल, पण कबड्डी ठाण्याने विद्यापीठाला दिली असे म्हणायला जागा आहे. भिवंडी, शहापूर, मुरबाड, दिवा, खाडीकाठचे कोळीवाडे आणि आगरी गावे या सगळ्या पट्ट्यात हा खेळ हुतूतू या नावाने आधीपासून घराघरांत होता. त्याला साहित्य लागत नाही. मोकळी जागा, चुन्याची रेघ आणि दोन्ही बाजूंना सात-सात गडी एवढ्यावर खेळ सुरू होतो.

या खेळाला नियमांची शिस्त महाराष्ट्रानेच लावली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नियम बांधण्याचे प्रयत्न सुरू झाले, १९२३ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. त्यानंतरची तारीख आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. १९६१ साली विद्यापीठांच्या क्रीडा नियामक मंडळाने कबड्डीचा आपल्या खेळांत समावेश केला आणि १९६२ मध्ये शालेय क्रीडा महासंघाने तेच केले.

या निर्णयाने गावाच्या मैदानात खेळणारा मुलगा आणि विद्यापीठ यांच्यात थेट रस्ता तयार झाला. उल्हासनगरला पहिले महाविद्यालय निघाले तेही १९६१ सालीच. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या हा योगायोग असला तरी परिणाम मोठा झाला. गावदेवीच्या जत्रेत रात्री दिव्यांच्या उजेडात खेळणाऱ्या मुलाला आता कळले की शाळा संपल्यावर महाविद्यालयात नाव घातले तर हाच खेळ त्याला विद्यापीठाच्या संघात नेऊ शकतो. अनेकांनी केवळ या कारणाने शिक्षण सोडले नाही. खेळामुळे अभ्यास मागे पडतो असे आपण नेहमी ऐकतो. कबड्डीने या जिल्ह्यात उलटे करून दाखवले.

कबड्डीच्या संघटनेत शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्य घातले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून आली आणि १९९० साली बीजिंगमध्ये पदकाचा खेळ झाली. मातीवर खेळलेल्या मुलांना मग मॅटवर उतरावे लागले. मातीत अनवाणी पायाच्या बोटांनी पकड घेणारा चढाईपटू मॅटवर बूट घालतो तेव्हा त्याची वळणे बदलतात, गुडघ्यावर येणारा ताण बदलतो, पकडीची वेळही बदलते. महाविद्यालयांच्या क्रीडाशिक्षकांना हे सगळे मुलांकडून नव्याने करवून घ्यावे लागले, आणि ज्या महाविद्यालयाकडे मॅट नव्हती त्यांना शेजारच्या महाविद्यालयाची वेळ मागून घ्यावी लागली.

स्पर्धेचा दिवस

विद्यापीठाचे क्रीडाकार्य कसे चालते हे खेळाडूखेरीज फार थोड्यांना माहीत असते. महाविद्यालयांची संख्या मोठी असल्याने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार होतात. मुंबई शहर, उपनगर, ठाणे आणि कोकण अशी ही विभागणी आहे. विभागातले विजेते आंतरविभागीय फेरीत भेटतात, तिथून निवड चाचणी, सराव शिबिर आणि मग विद्यापीठाचा संघ. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या देखरेखीखाली होणाऱ्या पश्चिम विभागाच्या आणि अखिल भारतीय स्पर्धांत उतरतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांचा आपसातला क्रीडा महोत्सव ‘अश्वमेध’ या नावाने भरतो. २०२० साली भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाली आणि विद्यापीठाच्या खेळाडूला आणखी एक मोठे व्यासपीठ मिळाले.

या सगळ्याची सुरुवात एका कागदापासून होते. पात्रता अर्जावर फोटो, जन्मतारीख, बारावीचे वर्ष, प्राचार्यांची सही आणि महाविद्यालयाचा शिक्का. अर्जात एक चूक झाली तर वर्षभराचा सराव वाया जातो, म्हणून क्रीडाशिक्षक तो अर्ज पुन्हा पुन्हा तपासतात. मैदानी स्पर्धा मरीन लाइन्सच्या विद्यापीठ पॅव्हेलियनवर असतील तर डोंबिवलीची धावपटू पहाटेच्या लोकलने निघते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जायचे, खांद्यावर स्पाइक्सची पिशवी, डब्यात पोळीभाजी. ट्रॅकवर पोहोचली की छातीवरचा क्रमांक चार सेफ्टी पिनांनी लावायचा. पाठीमागे समुद्राचा वारा असतो, समोर शंभर मीटर. बारा-तेरा सेकंदांच्या त्या धावेसाठी तिने जाऊन-येऊन तीन-चार तास प्रवास केलेला असतो. मुंबईच्या मुलीशी तिची स्पर्धा सुरू होते तेव्हा तिचे पाय आधीच उभे राहून थकलेले असतात. तरीही ठाणे विभागाच्या मुली दरवर्षी तिथे येतात आणि पदके घेऊन परततात.

विद्यापीठाकडून खेळल्याबद्दल विद्यार्थ्याला परीक्षेत दहा वाढीव गुणांची सवलत मिळते. पुढे रेल्वे, पोलीस, बँका आणि सरकारी खात्यांत क्रीडा कोट्यातून नोकरीचा मार्ग उघडतो. ठाणे जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत पहिली पक्की नोकरी खेळाच्या प्रमाणपत्रावर मिळाली आहे. म्हणून त्या कागदाची किंमत घरात देव्हाऱ्याशेजारी लावलेल्या फ्रेमवरून कळते.

टोपणनावाविषयी

अमेरिकेत विद्यापीठाच्या संघाला टोपणनाव असणे ही जुनी रीत आहे. येल विद्यापीठ १८८९ पासून बुलडॉग पाळते. विस्कॉन्सिनच्या संघाला ‘बॅजर्स’ म्हणतात, कारण त्या राज्यात शिशाच्या खाणी खणणारे मजूर टेकड्यांत बॅजरसारखी बिळे करून राहत. तिथे श्रमिकांचे नाव विद्यापीठाने अभिमानाने घेतले. दुसरीकडे काही नावे अन्यायाची निघाली. स्टॅनफर्डच्या संघाचे नाव ‘इंडियन्स’ होते. मूलनिवासी विद्यार्थ्यांनी हरकत घेतल्यावर १९७२ साली ते टाकून दिले गेले आणि पुढे संघाने फक्त आपला लाल रंगच नाव म्हणून घेतला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी प्राणी घेतले नाहीत, रंग घेतले. गडद निळा आणि फिका निळा. विद्यापीठाकडून खेळलेल्याला तिथे ‘ब्लू’ म्हणतात. आपल्या विद्यापीठांनी ही दुसरी रीत उचलली, म्हणून आपल्याकडे विद्यापीठाचा ‘कलर’ मिळवणे हा सन्मान झाला.

मग संघाला नाव काय? आपल्याकडे महाविद्यालयाचे नाव हेच संघाचे नाव. सामन्याच्या वेळी कडेला उभी राहिलेली मुले “बिर्ला, बिर्ला” असे ओरडतात, समोरून “सीएचएम” येते, तिसरीकडून “पेंढरकर”. ही सगळी माणसांची नावे आहेत. बसंतकुमार बिर्ला उद्योगपती होते. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली विको कंपनी सुरू केली आणि तिचा कारखाना डोंबिवलीत उभा राहिला. चांदीबाई मनसुखानी आणि तलरेजा ही नावे सिंधहून आलेल्या समाजाची आठवण जपतात. शाळा-महाविद्यालयासाठी कुणी देणगी दिली, कुणी जमीन दिली, कुणी आईचे नाव लावले, आणि ती नावे मुलांच्या गळ्यातली घोषणा झाली. क्रिकेटचा चषक एका मुलाच्या नावाने, विद्यापीठांच्या सर्वांगीण क्रीडा कामगिरीचा करंडक १९५६-५७ पासून मौलाना आझादांच्या नावाने, कबड्डीचा दिवस बुवा साळवींच्या जन्मतारखेला. आपल्या क्रीडापरंपरेने प्राणी निवडले नाहीत, माणसे निवडली. तिचा स्वभाव हाच आहे.

गावातल्या मंडळांची रीत थोडी निराळी. चरईचे श्री मावळी मंडळ शिवकाळातल्या मावळ्यांची आठवण नावातच ठेवते. कल्याणचे नमस्कार मंडळ सूर्यनमस्काराच्या व्यायामावरून ओळखले जाते. मुंबईत विजय क्लब, अंकुर, शिवशक्ती. या नावांत देवाची, इतिहासाची किंवा इच्छेची भाषा आहे. अलीकडे व्यावसायिक लीग आल्या आणि नव्या धाटणीची नावे आली. २०१४ साली प्रो कबड्डीत ‘यू मुंबा’ उतरला, २०१९ मध्ये टी-ट्वेंटी मुंबई लीगमध्ये ‘ईगल ठाणे स्ट्रायकर्स’ हा संघ आला. त्या नावांनी ठाण्याच्या पोरांना टीव्हीवर आपल्या शहराचे नाव दाखवले, हे मान्य केले पाहिजे. पण विकत घेतलेला संघ विकला गेला की त्याचे नावही जाते. महाविद्यालयाचे नाव खेळाडूच्या पदवीवर कायमचे असते.

उद्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संघाला टोपणनाव द्यायचे ठरवले तर ते जरूर द्यावे. विस्कॉन्सिनने केले तसे ते आपल्या मातीतून घ्यावे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत मराठ्यांच्या पहिल्या जहाजांची बांधणी सुरू झाली. दुर्गाडी किल्ला आजही त्या जागी उभा आहे. ज्या गावात आरमार बांधले गेले त्या गावाच्या संघाला उसन्या गरुडाची किंवा वाघाची गरज पडू नये.

मैदाने आणि माणसे

ठाणे महानगरपालिका १९८२ साली झाली आणि त्याच वर्षी दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृह उभे राहिले. पुढे तिथे रणजी सामने झाले. महापालिकेच्या सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजनेत श्रीकांत वाड यांनी खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या, त्यांतून अक्षय देवलकर राष्ट्रकुल स्पर्धेपर्यंत पोहोचला. ठाण्याच्या मधुरिका पाटकरने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत टेबल टेनिसच्या सांघिक सुवर्णपदकात वाटा उचलला. १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत सुभाष मैदान आणि सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल हे खेळाडूंचे मुख्य आधार आहेत. डोंबिवलीच्या जोशी शाळेतून बाहेर पडलेल्या अजिंक्य रहाणेने २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात भारताला मालिका जिंकून दिली. कल्याणचा तुषार देशपांडे २०२४ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळला.

ही यादी अभिमानाची आहे आणि ती वाचून समाधान मानून बसणे चुकीचे आहे. मौलाना आझाद करंडकावर कित्येक वर्षे पंजाबातल्या विद्यापीठांची पकड आहे. तिथल्या खेळाडूला वसतिगृह, प्रशिक्षक, आहार आणि मैदान एकाच आवारात मिळते. आपला खेळाडू घरी राहतो, लोकलने फिरतो आणि भाड्याच्या मैदानावर सराव करतो. आपल्या मुलांत गुणवत्ता कमी नाही, त्यांच्या दिवसात तास कमी आहेत. ठाण्याला बाळकुम येथे आणि कल्याणला विद्यापीठाची उपकेंद्रे आहेत. त्या आवारांत धावमार्ग, कबड्डीची मॅट आणि खेळाडूंसाठी वसतिगृहाच्या खोल्या उभ्या राहिल्या तर ठाणे विभागातील मुलामुलींचे रोजचे तीन-चार तास वाचतील. विद्यापीठाने हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, असे या इतिहासाचे सांगणे आहे.

दुसरे काम आपल्या सर्वांचे आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या जिमखान्यात संघांच्या नोंदवह्या, गटफोटो आणि प्रमाणपत्रांच्या प्रती पडून आहेत. त्यांतली शाई उडत चालली आहे. ज्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पहिले संघ बांधले ते क्रीडाशिक्षक आणि खेळाडू आता वयस्कर झाले आहेत. आपली परंपरा माणसांच्या नावावर उभी आहे, म्हणून ती नावे हरवली तर परंपराच हरवेल. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगर येथील माजी खेळाडूंना आग्रहाची विनंती आहे की आपल्या काळातील संघाची यादी, सामन्यांचे निकाल आणि छायाचित्रे आपापल्या महाविद्यालयाच्या जिमखान्याकडे द्यावीत. महाविद्यालयांनी ती तारीखवार लावून ग्रंथालयात ठेवावीत आणि दरवर्षी नव्या खेळाडूंना दाखवावीत. पुढच्या वेळी लिहिला जाईल तेव्हा हा इतिहास याहून भरघोस व्हावा, आणि त्यात आपल्या हातच्या नोंदी असाव्यात.